घरशाळेचं तिसरं वर्ष आणि आमची ‘सहकारी संस्था’ (कोल्हापूर)

पाटावरची | २८ जून, रात्री ११.४०

थोरलीला शाळेतून काढलं त्याला या महिन्यात दोन वर्षं झाली. ती आता नऊ वर्षांची आहे. धाकटा सहाचा, त्याला घातलंच नाही. राहायला राजारामपुरीत, सासू-सासऱ्यांसोबत. का काढलं यावर इथे दोनदा कडाक्याचं भांडून झालंय, ते परत नको. हा धागा रोजच्या कामाचा आहे: काय शिकवायचं, कशानं शिकवायचं आणि कुणासोबत शिकवायचं. गाडी तिसऱ्यावर अडलीय.

आधी अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी घाबरून एक तयार पेटी मागवली. परदेशी, आठवड्याआठवड्याचं वेळापत्रक छापलेलं, अठरा हजार रुपये. ऑक्टोबरात त्यात आलं ‘झाडाखाली पडलेली लाल-पिवळी पानं गोळा करा’, आणि इथे परतीच्या पावसात माहेरचं सोयाबीन शेतात कुजत होतं. मग नाणी ओळखा आलं. निकेल आणि डाइम. ती पेटी माळ्यावर गेली. आता तिच्यावर गौरीचे मुखवटे ठेवतो, पुठ्ठा मजबूत आहे.

त्यानंतर निमूटपणे बालभारतीकडे आले. पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, धड्यावरचा कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडतो. मराठी आणि परिसर अभ्यास तिथूनच. इंग्रजीला एनसीईआरटी आणि वाचनालयातून आणलेली गोष्टींची पुस्तकं. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर आहेत, थोरली ते जेवताना वाचते आणि आमटी सांडते. एवढ्यात भागतं. आम्ही पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत करत नाही. बाजारात जाताना यादी नेतो तसं वापरतो.

गणिताला मात्र घरात दोन पक्ष आहेत. २०१९ला दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं होतं आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मी तेव्हा हसणाऱ्यांत होते. धाकटा एकोणसत्तरला रोज एकोणऐंशी म्हणायला लागला तेव्हा हसू थांबलं. आता आम्ही ‘साठ नऊ’ म्हणतो आणि मागाहून ‘एकोणसत्तर’. सासरे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांचं म्हणणं, सौद्यात ‘साठ नऊ’ म्हणालास तर हमालसुद्धा हसतील. त्यांचा स्वतःचा अभ्यासक्रम आहे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार. थोरली एक दिवस मध्येच थांबली. “आजोबा, पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी. मग त्याला ‘पावणे-चार’ म्हणतात ते पाव-उणे-चार!” अपूर्णांकांचा धडा मी तीन आठवडे उगाळत होते.

साधनांवर फार खर्च नाही. शंभर मण्यांची माळ. काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (अरविंद गुप्तांची खेळणी, मराठीतही खूप व्हिडिओ आहेत). एक जुना टॅबलेट, दिवसाला एक तास, त्यावरून रोज एक तंटा. आणि पावसाळ्यातलं सगळ्यांत भारी साधन म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. रोज सकाळी आकडा येतो, थोरली आलेखाच्या कागदावर टिंब देते. ३९ फुटांवर पिवळी रेघ, इशारा पातळी. ४३वर लाल, धोका पातळी. आकडा फूट-इंचांत असल्यामुळे ३८ फूट ९ इंचांत ५ इंच मिळवले की हातचा बारावर घ्यावा लागतो, दहावर नाही. हे कुठल्या कार्यपुस्तिकेत इतक्या निकडीनं येईल? २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिनं कागदाच्या वर आणखी एक कागद चिकटवून ते टिंब काढून ठेवलंय.

आता मूळ दुखणं. दिवाळीनंतर आम्ही चार कुटुंबांनी गट केला. सात मुलं, मंगळवार-शुक्रवार, आळीपाळीनं एकेकाच्या घरी, ज्याचं घर त्या पालकानं शिकवायचं. दोन महिने बहार आली. मग एकीनं हजेरीचा तक्ता केला. मग ‘कुठवर आलोय ते कळायला नको का’ म्हणून महिन्याची चाचणी. चाचणीचे गुण व्हॉट्सॲपवर. एका बाबांनी सहलीत मुलं ओळखू यावीत म्हणून एकसारखे टी-शर्ट सुचवले. एका घराला सगळं इंग्रजीत हवं, माझी नऊ वर्षांची मुलगी मराठीत विचार करते. आणि एक जोडपं मुलाला सोडून जातं ते एकदम साडेबाराला उगवतं. परवा ठराव आला की महिना ठरावीक पैसे काढून शिकवायला एक बाई ठेवू.

शाळा सोडून आम्ही शाळाच काढली की काय? तुमच्यापैकी कुणी असा गट चालवलाय का? कसा?

---

रस्सावाला | २९ जून, सकाळी ७.१५

ताई, कोल्हापुरात सहकार म्हटल्यावर पयला प्रश्न: चेअरमन कोण? ते ठरवलं न्हाई म्हणून वांदं झालं. आता दोन पॅनल पडणार, इंग्रजी पॅनल आणि मराठी पॅनल. टी-शर्टवाले भाऊ अपक्ष. सात सभासदांत सात मतं, सर्वसाधारण सभेत खुर्च्या जपून ठेवा.

बाकी राजाराम बंधाऱ्याचं वाचून लई भारी वाटलं. आमच्या घरात २०१९ला पाणी आलंतं. भिंतीवर रेघ अजून हाय, पोराला दाखवतो.

---

चिवचिव | २९ जून, सकाळी ९.०२

छान लिहिलंय, पण मूळ प्रश्न राहतोच. अशी मुलं समाजात मिसळणार कशी?

---

रस्सावाला | २९ जून, सकाळी ९.१०

कोल्हापुरात मिसळायचं कसं हे इचारताय व्हय? कट घ्या, फरसाण घ्या, वरनं कांदा.

खरं सांगू का, संध्याकाळी पेठेतल्या कुठल्याबी तालमीजवळ फुटबॉल बघा. कोण कुठल्या शाळंचा हे पोरं एकमेकांला इचारत न्हाईत. पेठ कुठली ते इचारतात.

---

जुनी_पाटी | २९ जून, दुपारी ३.३०

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. राग मानू नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्या गावात तुम्ही हे करताय त्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा एक रुपया. ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या मुलांना वर्गात बसवायला ती सक्ती होती. माझी आजी त्या पिढीतली. तिच्या घरात अक्षर आलं ते शाळेतून आलं, घरातून येणं शक्यच नव्हतं, कारण घरात ते नव्हतंच. घरशाळेचं कौतुक वाचताना मला नेहमी तिची आठवण होते.

दुसरं. शाळा म्हणजे हजेरी, चाचणी, गणवेश हे गृहीत धरलंय तुम्ही. लीलाताई पाटलांनी १९८५ला याच गावात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांचे प्रश्न, परिसर, हातानं करून बघणं हे सगळं मराठीतून आणि शाळेतच चाललं होतं. आमच्यासारख्या सरकारी शाळेतल्या कितीतरी जणी तिथलं पाहून आपापल्या वर्गात काहीबाही करून बघायच्या. तुमचा बंधाऱ्याचा आलेख मी चौथीच्या त्रेपन्न मुलांना घेऊन केलाय, खडूनं, व्हरांड्याच्या फरशीवर.

---

पाटावरची | २९ जून, रात्री १०.५५

बाई, राग कसला. तुमची आजी आणि माझी मुलगी एका तराजूत बसत नाहीत, हे मला कळतं. आमच्या घरात चार शिकलेली माणसं आहेत, पुस्तकं आहेत, एक पगार बंद ठेवायची ऐपत आहे. हे सगळं नसतं तर मी हा धागा लिहिलाच नसता.

रुपयाचं म्हणाल तर सासरे दर एक तारखेला माझ्यापुढे हात पसरतात. “महाराजांचा दंड भर.” मी रुपया देते, तो बडीशेपेच्या जुन्या डब्यात जातो. परवा थोरलीनं मोजले तर चोवीस. मग म्हणाली, “धाकटा आता सहा वर्षांचा झाला, जुलैपासून दोन रुपये.”

व्हरांड्याच्या फरशीवरचा आलेख मात्र चोरते आहे. आमच्याकडे गच्ची आहे.

---

बाप_माणूस | ३० जून, सकाळी ८.२०

‘मी शिकवते, मी आणते, मी लिहायला बसले.’ तुमचे मिस्टर यात कुठे आहेत? घरशाळा म्हणजे बहुतेक घरांत आईनं नोकरी सोडणं असतं. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

---

पाटावरची | ३० जून, दुपारी २.१०

बरोबर जागी बोट ठेवलंत. नोकरी मीच सोडली. नवरा फाउंड्रीत आहे, शिरोलीला, पाळ्या असतात. रविवार त्याचा: दुरुस्ती, सायकल, विळीवर भाजी चिरणं आणि पन्हाळा. गेल्या रविवारी गडावरचा अंबरखाना (धान्याची जुनी कोठारं) पावलांनी मोजून आले तिघं. पण सोमवार ते शनिवार मीच, आणि काही दिवस सकाळी अकरालाच मला कंटाळा आलेला असतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गट काढण्यामागे खरं कारण तेच होतं, मुलांना सोबत हे नंतर सुचलेलं.

---

दाखला_आणा | ३० जून, संध्याकाळी ६.४५

कागदपत्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. माझी दोन्ही मुलं या वाटेनं दहावी झाली, वेगवेगळ्या पद्धतीनं.

थोरल्याला सातवीतून काढलं होतं, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला हातात होता. त्यानं राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा) भरला. त्याला किमान पाचवी पास असावं लागतं आणि दाखला लागतो. एक संपर्क केंद्र शाळा मिळते, प्रात्यक्षिक-तोंडी तिथे. कोल्हापूर विभागीय मंडळ इथेच असल्यानं धावपळ कमी. पेपर मात्र सगळ्यांबरोबरच.

धाकटी शाळेत फारशी गेलीच नव्हती. तिनं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून केलं. वय १४ पूर्ण, आधीच्या कुठल्याही परीक्षेची अट नाही. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणून तिनं दोन विषय आधी काढले आणि तीन नंतर. माध्यम मराठी घेता येतं. प्रादेशिक केंद्र पुण्यात.

तुमच्या थोरलीचा दाखला सांभाळून ठेवा. जातीच्या दाखल्यापासून सगळीकडे कुणी ना कुणी शाळेची नोंद विचारतंच. धाकट्याच्या बाबतीत जन्मदाखल्यावर नाव, आडनाव, स्पेलिंग आत्ताच तपासा.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतात, तेव्हा वाद घालू नका. त्यांना तक्ता भरायचा असतो. वह्या दाखवा, चहा द्या. शिक्षणहक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवा, पहिलीही.

---

अनवाणी | १ जुलै, रात्री ११.२५

आमचा गट पाच वर्षं चाललाय. मधे एकदा मोडला होता, तुमच्यासारख्याच कारणांनी. चाचणीवरून. त्यानंतर जुळवला तेव्हा एकच गोष्ट बदलली: जे घरी एकट्यानं होतं ते गटात करायचंच नाही. वाचन, पाढे, शुद्धलेखन ज्याचं त्यानं, ज्या भाषेत हवं त्या भाषेत. त्यामुळे ‘कुठवर आलो’ हा प्रश्नच गटात उरत नाही. गटात फक्त ज्याला जास्त हात किंवा जास्त डोळे लागतात तेच. नाटक, खेळ, गुऱ्हाळावर जाणं, आकाश बघणं.

एक उदाहरण देते, मग आमचं म्हणणं पटेल. अंबाबाईचा किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. देवळाचं तोंड पश्चिमेला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आम्ही मुलांना एवढंच विचारलं, दोनदाच का? आणि याच तारखांना का?

उत्तर कुणी द्यायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं. (एका आजोबांना फार त्रास झाला.) ऑक्टोबरपासून दर रविवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर एकाच दगडावर उभं राहायचं आणि सूर्य पलीकडे कुठे बुडतो ते समोरच्या झाडांच्या, इमारतींच्या रेषेवर वहीत मांडायचं. सूर्य डावीकडे सरकत गेला. डिसेंबरात दोन-तीन रविवार जवळजवळ जागचा हलेना, पोरं वैतागली, दोघांनी यायचं सोडलं. जानेवारीत उजवीकडे परतायला लागला. तेव्हा आमच्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलानं कॅलेंडर काढलं. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस. २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४१. तो ओरडलाच: “एसटीसारखं आहे! जाताना आणि येताना तोच स्टॉप!”

हे एका घरात झालं नसतं. एका घराचे रविवार चुकतात. सात घरांत मिळून चित्र पूर्ण झालं, आणि ज्याची वही गचाळ होती त्याचे रविवार सगळ्यांत जास्त निघाले.

बाई ठेवू नका. पगार सुरू झाला की पालक गिऱ्हाईक होतात.

---

टेक्ससची_पाहुणी | २ जुलै, पहाटे ४.५०

माहेर शाहूपुरी, आता डॅलसजवळ. इकडे आमच्या राज्यात घरशाळा ही खासगी शाळाच मानतात. नोंदणी नाही, सरकारी परीक्षा नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मैत्रिणीला मात्र दरवर्षी मुलांच्या कामाची फाइल दाखवून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. देश एक, पण राज्यागणिक वेगळं.

इथे को-ऑप (तुमच्यासारखे पालकांचे गट) गल्लोगल्ली आहेत आणि भांडणं हुबेहूब तुमचीच, टी-शर्टसकट! आमच्या गटाचा एकच कडक नियम आहे: मूल सोडून जायचं नाही. शिकवत नसलात तरी इमारतीत थांबायचं, सतरंज्या घाला, बाळं सांभाळा, भांडी घासा. साडेबाराला उगवणारं जोडपं या नियमानं आपोआप सुटतं किंवा सुधारतं.

---

जुनी_पाटी | २ जुलै, सकाळी १०.००

अनवाणी, ते दगडावर उभं राहणं फार आवडलं. नेमका कुठला दगड ते सांगाल? यंदा मीही येईन. निवृत्तीनंतर रविवार रिकामेच असतात.

---

पाटावरची | २१ जुलै, रात्री ९.३०

उशिरा आले, माफ करा. मधे धाकट्याला ताप होता.

बैठक झाली. अनवाणींचं वाक्य मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. चाचणी बंद, तक्ता बंद, मंगळवार बंद. शुक्रवार राहिला, तोही फक्त एकट्यानं न होणाऱ्या गोष्टींसाठी. थांबायचा नियम मांडल्यावर एक जोडपं बाहेर पडलं, पण साडेबाराचं नव्हे! इंग्रजीवालं. ते स्वतःहून म्हणाले, आम्हाला खरं तर शाळाच हवी होती, फक्त लहान. त्यांनी एका चांगल्या लहान शाळेत मुलाला घातलंय आणि तो खूश आहे. साडेबाराचं जोडपं आता दोघंही थांबतं. बाबा पोळ्या उत्तम करतात असं निघालं.

टी-शर्ट आले. शिवून झालेच होते. भगवे आहेत.

गच्चीवर खडूनं आलेख काढला, पहिल्याच रात्री पावसानं धुऊन नेला. आता ऑइलपेंटनं रेघा मारल्यात. आज सकाळी पातळी पिवळ्या रेषेच्या खाली सात इंच होती. सात इंच म्हणजे किती, यावर धाकट्यानं आजोबांची चप्पल आडवी ठेवून बघितली.

बाई, रंकाळ्याचं ऑक्टोबरात नक्की. तुम्ही याल तर मुलं आजोबांपेक्षा तुमचं ऐकतील.

---

चिवचिव | २२ जुलै, दुपारी १२.१५

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल सॉरी, घाईत लिहिला होता. भाची पहिलीत आहे आणि तिला आकड्यांची भीती बसलीय. ती शंभर मण्यांची माळ कुठे मिळाली?

---

पाटावरची | २२ जुलै, दुपारी ४.४०

सासूबाईंनी ओवली. महाद्वार रोडवर मणी सुटे मिळतात. दहा लाल, दहा पांढरे, दहा लाल, असे आलटून पालटून शंभर. दोरा नायलॉनचा घ्या आणि शेवटी दहा-बारा सेंटिमीटर मोकळा सोडा, मणी सरकवायला जागा लागते. मोजलेल्या आकड्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. पहिले काही दिवस आकडा विचारू नका, नुसती खेळू दे.